पानाला किती पडतं, ते कुणी सांगतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा उघडायच्या तोंडावर आपल्या अंकात वह्या, दप्तरं आणि रेनकोटांच्या जाहिराती येतात. यंदा त्यांच्या शेजारी प्रिंटरही येऊन बसलाय. छपाई, झेरॉक्स आणि स्कॅन तिन्ही एकात, वायफायसकट, आणि खाली ठळक आकड्यात किंमत. चार हजारांच्या आतली. ती जाहिरात वाचून आमच्या गल्लीतल्या दोन घरांनी मला विचारलं, "बाई, घेऊ का हो?" दोघींना सांगता सांगता माझा चहा दोनदा गार झाला. म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून आपल्याकडे पाठवावं.

मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेच्या कार्यालयात पस्तीस वर्षं लिपिक होते. नोकरीला लागले तेव्हा प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाईलवर निघायच्या. टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, एखादं अक्षर चुकलं की त्यावर लाल द्रव लावून फुंकर मारायची, मग स्टेन्सिल रोलरवर चढवून दांडा फिरवायचा. सहामाहीच्या दिवसांत साबणाने तीनदा घासूनही हातांचा काळेपणा जात नसे. पण आमच्या मुख्याध्यापकांची एक सवय होती. गठ्ठा टेबलावर ठेवला की पहिला प्रश्न यायचा, "पानाला किती पडलं?" स्टेन्सिल, शाईची ट्यूब आणि कागदाचं रीम मिळून हिशेब पैशांत सांगावा लागे. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, प्रिंटर विकणाऱ्या प्रत्येक दुकानाच्या दारात त्यांना खुर्ची टाकून बसवायला हवं होतं.

निवृत्त झाले २०२० साली, टाळेबंदीत. निरोप समारंभसुद्धा मोबाइलवरच झाला. त्याच जुलैत नातवाची शाळा मोबाइलवर सुरू झाली आणि रोज चार पानं छापून आणा, असा फतवा निघाला. झेरॉक्सची दुकानं कधी उघडी तर कधी बंद. मुलाने घाईघाईत एक प्रिंटर आणला, ३,९०० रुपयांना. सुबक, पांढराशुभ्र, पोळपाटाएवढा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही, ही चालच सगळीकडे आहे. यंत्र स्वस्तात द्यायचं आणि शाईत वसूल करायचं.

पहिले दोन आठवडे कौतुकात गेले. मग छपाई फिकट होऊ लागली. खोक्यात आलेली काडेपेटीएवढी कार्ट्रिज संपली होती. नवी आणायला गेलो तर काळी एकटीच आठशेच्या घरात. तिच्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, सुमारे १२० पानं. मी दुकानातच उभ्याउभ्या भागाकार केला: साडेसहा रुपयांच्या वर, तेही नुसत्या शाईचे. दुकानदार म्हणाला, "काकू, एवढा हिशेब कुणी करत नाही." खरंच कुणी करत नसावं.

पुढे एका पोराकडून सुईने शाई भरून घेतली. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा शाई गळून आतला सगळा भाग निळा झाला. नंतर रंगीत कार्ट्रिज वाळली, तर यंत्र काळंही छापेना. रंगाशी मला काही देणंघेणं नव्हतं, पण त्याला होतं. अकरा महिन्यांत आम्ही साडेसहाशे पानं छापली. यंत्राचे ३,९००, पाच कार्ट्रिजचे ४,०००, कागदाचे ३५० असे एकूण ८,२५० रुपये. पानाला १२ रुपये ६९ पैसे पडले. तेवढ्यात त्या काळी भडंगाचा पुडा आला असता.

हे यंत्र आता माळ्यावर आहे. त्याचा स्कॅनर अजून उत्तम चालतो, पण कार्ट्रिजविना यंत्र तो चालू देत नाही. यावर मी अधिक लिहीत नाही, तोंडातून वाईट शब्द जाईल.

मग दुसरा प्रिंटर घ्यायचाच कशाला, असं यजमानांनी विचारलं. ते मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, त्यामुळे प्रश्न रास्तच विचारतात. त्याला माझ्याकडे दोन उत्तरं होती. एक सूनबाईच्या शिकवण्या. दुसरं २०१९चा पूर.

आपल्या वाचकांना पूर सांगायला नको. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचा गावभागातला जुना वाडा. खाली सोपा आणि स्वयंपाकघर, वर माडी. आम्ही गहू, गाद्या आणि देव वर नेले. कागदांची पत्र्याची पेटी कॉटखाली राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर आत चिखलाचा लगदा. माझी दहावीची सनद, सासऱ्यांच्या नावचं खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, आमच्या लग्नाचे फोटो. कुरडया वाळत घालाव्यात तसे माडीवर दोऱ्या बांधून कागद वाळत घातले. फोटो तर एकमेकांना असे चिकटले होते की सोडवताना माझ्या आईचा चेहरा आत्याच्या पातळावर उमटला.

त्यावर कडी म्हणजे पंचनामा. त्याला आधार, रेशनकार्ड, पासबुक यांच्या झेरॉक्स हव्या. गावभागातली आणि मारुती रोडची झेरॉक्सची दुकानंच पाण्यात गेलेली. वीज नाही. मी विश्रामबागेत जाऊन दोन तास रांगेत उभी राहिले. ओल्या पासबुकाची झेरॉक्स काढताना तो मुलगा म्हणाला, "मावशी, काचेवर पाणी सांडतंय." त्याचंही बरोबर होतं.

तेव्हापासून मनात होतं की घरातला प्रत्येक कागद स्कॅन होऊन पुण्याच्या धाकट्या मुलाकडे असला पाहिजे. मोबाइलने फोटो काढता येतो, मान्य. पण सुरकुतलेला, कडा वळलेला कागद मोबाइलमध्ये कधी सरळ येत नाही. काचेवर पालथा घालून वरून झाकण दाबलं की तो निमूट सपाट होतो. कागदपत्रांना ३०० डीपीआय, म्हणजे एका इंचात तेवढे ठिपके, पुष्कळ झालं. जुन्या फोटोंना ६०० ठेवावं. त्याच्यापुढे गेलात तर फाइल नुसती फुगते.

इथे एक गोष्ट सांगते, जी दुकानात कुणी सांगितली नाही. घरगुती प्रिंटरची काच ए-फोर आकाराची असते, म्हणजे २९७ मिलिमीटर लांब. आपली जुनी खरेदीखतं आणि करारपत्रं असतात लीगल आकाराच्या कागदावर, ३५६ मिलिमीटर. खालचा सहा सेंटिमीटरचा भाग काचेबाहेर लोंबतो, आणि सह्या नेमक्या तिथेच असतात! मी दोन तुकड्यांत स्कॅन करते. एका फाइलच्या नावापुढे 'वर' आणि दुसरीच्या नावापुढे 'खाली' लिहिते. वरून कागद आपोआप ओढून घेणारी सोय, तिला एडीएफ म्हणतात, असलेल्या महागड्या यंत्रांत बहुतेक वेळा लीगल कागद जातो. पण पुरातून वाळवलेला कागद त्या रोलरमध्ये घालायची माझी छाती नाही.

तर २०२१च्या मे महिन्यात मी वही घेऊन बसले. आधी आमच्या घरात काय छापलं जातं ते लिहिलं. सूनबाई शिष्यवृत्ती परीक्षेच्या शिकवण्या घेते. त्या परीक्षेचे दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न. म्हणजे सराव प्रश्नपत्रिका म्हटल्या की पानंच पानं. महिन्याला दोन-अडीचशे पानं, बहुतेक काळी, मे महिन्यात जवळपास शून्य. यजमानांची कवठेपिरानला वाट्याची पाऊण एकर आहे, तिचा सातबारा आणि आठ-अ अधूनमधून लागतो. हल्ली डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये भरून मोबाइलवर उतरवता येतो, त्यावर तलाठ्याचा शिक्का लागत नाही. पण बँकेत आणि सोसायटीत तो कागदावरच मागतात. आधारकार्डाचं वेगळंच. झेरॉक्सच्या दुकानात 'या नंबरवर पाठवा' म्हणतात, आपण पाठवतो. आपल्या आधारची प्रत त्या मोबाइलमध्ये कायमची राहिली, हे घरी आल्यावर लक्षात येतं. निदान अंक झाकलेलं मास्क्ड आधार तरी पाठवावं. ते आधारच्या संकेतस्थळावर मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आमच्याकडे संगणक नाही. तीन मोबाइल आहेत. वायरची आणि बिनवायरची यंत्रं यांत तेव्हा दीड-दोन हजारांचा फरक होता. एक दुकानदार म्हणाला, "वायफाय म्हणजे हौस, काकू." ज्याच्या टेबलावर संगणक आहे त्याला हौस असेल. ज्या घरात फक्त मोबाइल आहे, तिथे वायफाय नसलेला प्रिंटर म्हणजे नळ नसलेली टाकी.

आता प्रिंटरच्या जाती. कार्ट्रिजवाला मी कानाला खडा लावून सोडला. राहिले दोन: शाई ओतायच्या टाकीचा, ज्याला इंक टँक म्हणतात, आणि लेझर.

लेझरबद्दल माझं मत चांगलं आहे. शाळेत शेवटी शेवटी आमच्याकडे तोच होता. त्यात शाई नसते, टोनरची कोरडी पूड असते, ती उष्णतेने कागदावर वितळवून चिकटवतात. पूड वाळत नाही. दोन महिने हात लावला नाही तरी पहिलं पान स्वच्छ निघतं. अक्षर ठसठशीत, आणि पाण्याचा थेंब पडला तरी पसरत नाही. ज्यांचं छापणं थोडं आणि नुसतं काळं, उदाहरणार्थ आमच्या शेजारचे वकील, त्यांनी डोळे मिटून काळा लेझर घ्यावा. खोक्यात येणारा टोनर बहुधा अर्धवट भरलेला असतो, तेवढं धरून चालावं. काही यंत्रांत टोनर आणि ड्रम, म्हणजे ती पूड कागदावर उमटवणारी नळी, वेगवेगळे असतात, तेव्हा ड्रमची किंमतही आधीच विचारावी.

आमचं घोडं अडलं विजेपाशी. ती पूड वितळवायला आतला रोलर दोनशे अंशांच्या आसपास तापतो, आणि तापताना यंत्र शेकडो वॉट ओढतं. वीज गेली की आमच्याकडे छोटा इन्व्हर्टर, तीन दिवे आणि दोन पंख्यांपुरता. लेझर लावला की तो बोंबलणार. टाकीवाला प्रिंटर छापताना बारा-पंधरा वॉट खातो, एका दिव्याएवढं. शिवाय सूनबाईला कधीमधी नकाशे आणि पताका रंगीत हव्या असतात. तेव्हा टाकीच.

टाकीवाल्यांत तेव्हा आणि आताही चार कंपन्या समोर येतात: एप्सन, कॅनन, एचपी, ब्रदर. यंत्राच्या किमतीत हजार-दीड हजारांचा फरक, त्यावर डोकं घालवू नये. मी प्रत्येक दुकानात म्हणायचे, यंत्र राहू द्या, शाईची बाटली दाखवा. एप्सनच्या बऱ्याच घरगुती यंत्रांना ००३ क्रमांकाची बाटली लागते, ६५ मिलिलीटरची. काळी ४,५०० पानं देते असा कंपनीचा दावा. कॅननच्या जी मालिकेत काळी बाटली मोठी, दावा ६,००० पानांचा. ब्रदरचा ७,५००. पण नुसता आकडा बघून भुलायचं नाही. बाटलीची किंमत आणि पानं यांचा भागाकार केला की सगळेच दहा पैशांच्या आगेमागे येतात. कार्ट्रिजचे साडेसहा रुपये आठवले की हा फरक केवढा, ते कळतं.

खरा फरक दुसरीकडे आहे. शाईचे थेंब सोडणारा भाग म्हणजे हेड. एप्सन आणि ब्रदरमध्ये तो यंत्राचाच अवयव असतो. टिकाऊ, पण बिघडला की सर्व्हिसवाल्याकडे न्यावं लागतं. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टाकीवाल्यांत तो काढून नवा बसवता येतो. दुसरा फरक काळ्या शाईचा. काही यंत्रांची काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे रंगाचे बारीक कण कागदावर बसतात, ओल्या हाताने पुसली जात नाही. काहींची विरघळणारी असते, छायाचित्राला छान, पण प्रश्नपत्रिकेवर मुलाच्या बाटलीतलं पाणी सांडलं की प्रश्न आणि उत्तर दोन्ही एक होतात. कुठल्या यंत्रात कुठली, ते विचारून घ्यावं. आणि पाठपोट छपाई आपोआप होते की पानं हाताने उलटून घालावी लागतात, हेही. स्वस्तातल्यांत हातानेच उलटावी लागतात. त्याची सवय होते.

जूनमध्ये यंत्र आलं, १३,८०० रुपयांना. जोडायला एक संध्याकाळ गेली आणि त्यात अर्ध्या घराची भांडणं झाली. यंत्राला पडदा नाही, नुसते दिवे. ते कधी नारिंगी तर कधी हिरवे लुकलुकतात. मोबाइलला यंत्र दिसेना. धाकटा पुण्याहून फोनवर सांगतोय, मोठा यंत्रापाशी, मी जिन्यात उभी राहून निरोप देतेय. शेवटी कारण निघालं ते असं. आमच्या राउटरचे वायफाय दोन, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. मोबाइल पाचवर, आणि स्वस्तातल्या बऱ्याच प्रिंटरांना फक्त २.४ कळतं. दोघं एकाच घरात असून एकमेकांशी बोलत नव्हते. मोबाइल २.४ वर आणला आणि पाच मिनिटांत काम झालं. ज्यांच्या राउटरला दोन्हीसाठी एकच नाव दिलेलं असतं त्यांची फसगत जास्त होते, त्यांनी जोडण्यापुरती दोन नावं वेगळी करून घ्यावीत.

दुसरी अडचण वाड्याच्या भिंतींची. दीड हात जाड, दगड-मातीच्या. राउटर माडीवर, यंत्र खाली सोप्यात. अर्धं पान छापून यंत्र विचार करत बसायचं. राउटर जिन्याच्या वळणावर आणला आणि ते थांबलं. आणखी एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. छापायला इंटरनेट लागत नाही. राउटरला वीज असली की पुरे, मोबाइल आणि यंत्र घरातल्या घरात बोलतात. राउटरही बंद असेल तर वायफाय डायरेक्ट नावाची सोय असते, मोबाइल थेट यंत्रालाच जोडायचा. एकदा रात्री साडेनऊला सोप्यात कुणी नसताना यंत्र घरघरून आपोआप सुरू झालं. यजमान काठी घेऊन उठले. नातवाने माडीवरून डायनासोर छापला होता.

यंत्र येऊन महिना-सव्वा महिना झाला आणि जुलैत पुन्हा पाणी चढलं. या वेळी आम्ही शहाणे होतो. कागद आधीच स्कॅन झालेले, पेटी माडीवर. पण यंत्र वर नेताना मोठ्या मुलाने ते पोत्यासारखं खांद्यावर टाकलं. टाकीत शाई असताना यंत्र आडवं करायचं नसतं, हे पुस्तिकेत लिहिलं होतं आणि पुस्तिका मी एकटीने वाचली होती. जिन्याच्या सहाव्या पायरीवर गुलाबी डाग अजून आहे. पिवळी शाई माझ्या पदराला लागली. सासूबाई हयात असत्या तर म्हणाल्या असत्या, सांगलीची बाई, हळद लागली तर काय बिघडलं.

शाई वाळण्याचा त्रास टाकीवाल्यालाही आहे, हे कबूल करायला हवं. पहिल्या उन्हाळ्यात शिकवण्या बंद, आम्ही महिनाभर पुण्याला. आलो तर काळ्यात पांढऱ्या रेघा. हेड साफ करण्याचं बटण तीनदा दाबलं. ती सफाई शाई ओतूनच होते, आणि ती शाई यंत्राच्या पोटातल्या एका बोळ्यात मुरते. बोळा भरला की तोही बदलावा लागतो. शेवटी माणूस बोलवावा लागला, त्याने ९०० रुपये घेतले. त्याने दोन गोष्टी सांगितल्या, त्या पाळल्यापासून पुन्हा त्रास नाही. एक, दर आठवड्याला चारही रंगांचं एक पान छापायचं. मी सोमवार धरलाय, कॅलेंडरवर खूण आहे. दोन, यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचं, भिंतीवरच्या बटणाने नाही. स्वतःच्या बटणाने बंद केलं की हेड जाऊन टोपीखाली बसतं आणि शाई वाळत नाही. यजमानांना घरातलं प्रत्येक बटण भिंतीवर बंद करायची सवय. त्या बटणावर मी चिकटपट्टी लावलीय.

पावसाळ्यात कागदही सांभाळावा. रीम फोडून उघडं ठेवलं की पानं दमट होतात, दोन-दोन एकदम ओढली जातात आणि अडकतात. मी ती पिठाच्या डब्यात ठेवते, रिकाम्या अर्थातच. सूनबाईला हे हास्यास्पद वाटतं, पण कागद अडकला की हाक मलाच मारते.

आता हिशेब, कारण सगळं सांगून तो नाही सांगितला तर मुख्याध्यापक वरून विचारतील. या जूनमध्ये चार वर्षं झाली. यंत्र स्वतःच आकडा ठेवतं, स्थितीचं पान छापलं की त्यावर येतो: ११,४०० पानं. यंत्राचे १३,८००. खोक्यातल्या शाईनंतर चार काळ्या आणि तीन रंगीत बाटल्या, २,८००. काही छपाई पाठपोट, त्यामुळे रीमं १९, त्यांचे ५,१३०. दुरुस्ती ९००. एकूण २२,६३०. पानाला पडले १ रुपया साडेअठ्ठ्याण्णव पैसे.

म्हणजे, संपादक महोदय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यापेक्षा फक्त दीड पैसा कमी! तो पानाला दोन रुपये घेतो. वीज मी धरलेली नाही, आणि माझे सोमवारही नाहीत. त्यातली नऊशे पानं रंगीत होती, ती दुकानात दहाच्या दराने नऊ हजारांना पडली असती. तेही धरलं तर चार वर्षांत वाचले सात हजारांच्या आसपास, महिन्याला दीडशे. 'घरच्या घरी छापा आणि हजारो वाचवा' म्हणणाऱ्या जाहिरातीपुढे हा आकडा ठेवावा असं मला वाटतं. काळी बाटलीही ४,५०० पानं कधीच देत नाही. आमची निम्म्यावरच आटोपते, कारण बुद्धिमत्ता चाचणीतल्या भरीव काळ्या आकृत्या शाई पितात. कंपन्यांचे आकडे ठरावीक नमुन्याच्या पानांवर मोजलेले असतात, त्यावर शाई थोडीच असते.

तरी मला पश्चात्ताप नाही. स्कॅनचे पैसे मी धरलेच नाहीत. पुण्याच्या धाकट्याकडे आमचे ३१२ कागद आहेत, आईच्या फोटोसकट. सूनबाईला रात्री दहाला उद्याची प्रश्नपत्रिका काढता येते. पण ज्या घरात महिन्याला वीस-पंचवीस पानं लागतात, त्यांनी घेऊ नये. त्यांचं यंत्र वाळत राहील आणि ते सफाईचं बटण दाबत राहतील. गल्लीतल्या दोघींपैकी एकीला मी हेच सांगितलं. तिला राग आला. वाटलं असेल, स्वतःकडे आहे आणि मला नको म्हणते.

आपल्याला माझी एकच विनंती आहे. फ्रिजच्या दारावर तो वर्षाला किती युनिट खाईल ते चिकटवलेलं असतं. गाडी घेताना ॲव्हरेज विचारतात. प्रिंटरच्या जाहिरातीत यंत्राच्या किमतीखाली दोन ओळी असाव्यात: शाईची बाटली किंवा कार्ट्रिज केवढ्याची, आणि ती किती पानं देते. भागाकार लोक करतील. आपण जाहिरातदारांना सक्ती करू शकत नसाल, पण जाहिरात घेताना विचारू तर शकता. वॉरंटीचीही एक ओळ असली तर बरं. आमच्या कार्डावर 'एक वर्ष किंवा ३० हजार पानं, जे आधी होईल ते' असं आहे. यंत्र आपल्या शहरात दुरुस्त होतं की दुरुस्तीला बाहेरगावी जातं, हे तर मी विचारलंच नव्हतं. नशिबाने माणूस घरी आला.

हे पत्र हाताने लिहून घरच्याच यंत्रावर स्कॅन करून पाठवते आहे. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पिवळा डाग दिसेल. तो शाईचा नाही, लिहिता लिहिता भाजीला फोडणी दिली, त्या हळदीचा आहे.

आपली,
एक निवृत्त शाळा-लिपिक
गावभाग, सांगली